चिंबोरीच्या नांगीतला मोड आणि ‘सेगमेंटेड’ पॅकेज

चिंबोरीचा नर वयात आला की त्याची नांगी कवचाच्या मानाने झपाट्याने वाढू लागते. कवचाची रुंदी आणि नांगीची लांबी, दोन्हींचा लॉग घेऊन आलेख काढला तर रेघेचा उतार तिथे बदलतो. तो मोड नेमका कुठे, हे डोळ्यांनी ठरवू नये. संख्याशास्त्रज्ञ व्हिटो मुज्जेओ यांनी 2003 मध्ये मांडलेली पद्धत आर या संख्याशास्त्राच्या संगणक-प्रणालीतल्या ‘सेगमेंटेड’ या पॅकेजात तयार मिळते, तीही फुकट. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाड्यांतली मापे घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे हे पॅकेज असावे.

आधी नेहमीचे सरळ रेषेचे मॉडेल बसवायचे, मग ते सेगमेंटेडला द्यायचे आणि एक मोड हवा असे सांगायचे. पॅकेज मोडाची एक जागा धरते आणि मॉडेलमध्ये दोन पदे घालते: एक उतारातल्या फरकाचे, दुसरे त्या जागी पडणाऱ्या फटीचे. दुसऱ्या सहगुणकाला पहिल्याने भागले की जागा किती सरकवायची ते कळते. फट मिटेपर्यंत हेच चालते. आकडे विखुरलेले असले की हे गणित चुकीच्या जागी अडकते, म्हणून पॅकेज बूटस्ट्रॅपने, म्हणजे त्याच आकड्यांतून यादृच्छिक नमुने काढून, पुन्हापुन्हा सुरुवात करते. मूळ सेटिंग 10 फेऱ्यांचे आहे. ते 50 करावे आणि सीड (यादृच्छिक निवड जिथून सुरू होते तो आकडा) ठरवून द्यावे, म्हणजे तेच उत्तर पुन्हा मिळवता येते.

सगळ्यात जास्त चुका, मोड खरेच आहे का हे तपासणाऱ्या चाचणीत होतात. मोड नसेलच तर मोडाची जागा ही संख्याच उरत नाही, त्यामुळे उतारातल्या फरकाला नेहमीची टी-चाचणी लागू पडत नाही. निकालाच्या गोषवाऱ्यात (समरीत) त्या ओळीला पी-मूल्याच्या (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याच्या शक्यतेच्या) जागी एनए, म्हणजे ‘उपलब्ध नाही’, येते ते याचसाठी, आणि ही या पॅकेजची सचोटी आहे. तिथे हाताने पी-मूल्य काढून प्रबंधात घालू नये. त्याऐवजी पॅकेजातली डेव्हिस चाचणी किंवा स्कोअर चाचणी मूळ सरळ मॉडेलवर चालवावी. मोड एकच असेल तर स्कोअर चाचणी जास्त ताकदीची. डेव्हिस चाचणी जी ‘सर्वोत्तम’ जागा छापते तिला मोडाचा अंदाज समजू नये.

उत्तर (नैसर्गिक) लॉगमध्ये येते. समजा मोड 4.5 आणि विश्वासांतर (खरी जागा ज्या पट्ट्यात धरतात तो) 4.45 ते 4.55 आले, तर रुंदी 90 मिमी, अंतर 85.6 ते 94.6. मिलिमीटरमध्ये दोन्ही बाजू सारख्या राहत नाहीत, म्हणून दोन्ही टोके वेगवेगळी लॉगमधून मिलिमीटरमध्ये आणावीत.

आकडेच वाईट असतील तर पॅकेज काय करणार? बाजारात मोठ्याच चिंबोऱ्या येतात. कांदळवनातली लहान पिल्ले मोजली नाहीत तर मोड टोकाशी जाऊन बसतो. तुटून पुन्हा फुटलेली नांगी आखूड असते, ती वगळावी. उजवी-डावी नांगी मिसळू नये. हिरवी आणि लाल अशा दोन जाती एकत्र केल्या तर मोड नसतानाही दिसतो.

एक मर्यादा मोठी आहे. दोन्ही रेषा मोडापाशी जुळल्याच पाहिजेत असे हे पॅकेज धरून चालते. काही जातींचे खेकडे वयात येताना एकदाच कात टाकताना नांगीच्या लांबीत एकदम उडी घेतात. आलेखात तशी उडी दिसली तर दोन सुट्या रेषा बसवाव्यात. सेगमेंटेड तिथे वापरू नये.