दोन भागांची स्टोमा पिशवी : साडी नेसणाऱ्या बाईने वापरून पाहिलेली

गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा माझ्या पोटावर उजव्या बाजूला इलिओस्टॉमी केली. गाठ काढल्यावर आतड्याचा जोड फार खाली आला होता. तो भरून येईपर्यंत तिथून मळ जायला नको, म्हणून लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलं. अशा तोंडाला स्टोमा म्हणतात, लहान आतड्याचा असला की इलिओस्टॉमी. त्यावर लावायच्या पिशवीबद्दल बायका मोकळेपणानं विचारत नाहीत, दुकानात तर नाहीच. म्हणून सविस्तर लिहिते.

पिशवी घेण्याआधी स्टोमा कोणत्या आतड्याचा आहे ते डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. मोठ्या आतड्याचा, म्हणजे कोलोस्टॉमी, बहुतेक डावीकडे असते आणि तिथून मळ बराचसा घट्ट येतो. माझ्यासारखीला मात्र दिवसभर पातळ मळ येतो, त्यात पाचकरस असतात आणि तो कातडीला लागला की आग आग होते. त्यामुळे मला खालून उघडून रिकामी करता येईल अशीच पिशवी हवी होती.

मी दोन भागांची वापरते. कातडीला चिकटणारी बेसप्लेट वेगळी, तिच्या कड्यात बसणारी पिशवी वेगळी. पिशवी काढली तरी प्लेट जागची हलत नाही, त्यामुळे कातडी सारखी सोलवटत नाही. एवढ्या एका गुणासाठी मी एकसंध पिशवीपेक्षा हिला वरचा नंबर देईन. कड्यात नीट बसली की टक् असा आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय मी उठत नाही.

पण प्लेट कितीही महाग घ्या, भोक चुकलं तर पैसे पाण्यात. स्टोमापेक्षा 2 ते 3 मिलिमीटर मोठं कापायचं, बस्स. जास्त मोठं झालं तर उघड्या कातडीवर मळ साचतो, घट्ट झालं तर स्टोमाला काचतं. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो आणि पुढचे 6 ते 8 आठवडे तो आक्रसत जातो. म्हणून पहिल्या मापावर सगळा डबा एकदम कापून ठेवू नका, दरवेळी मोजपट्टी लावा. माझी सून सकाळी मी काही खाण्याआधी प्लेट बदलते, कारण तेव्हा स्टोमा शांत असतो. आधी प्लेट तळहातांमध्ये धरून कोमट करते, मग लावून मिनिटभर दाबून धरते. खाली तेल, क्रीम काही लावायचं नाही. आमच्याकडे खोबरेल तेल सगळ्यावर औषध, पण इथे त्यानं प्लेट निसटते.

साडीचं सांगते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्टोमा सिस्टर म्हणाल्या, "काकू, रोजच्यासारखी साडी नेसा आणि खाली वाकून बसा." परकराची नाडी कुठे येते, पोटाला घड्या कुठे पडतात ते पाहून त्यांनी पेनानं खूण केली. ते फार मोलाचं ठरलं. नाडी आता खाली बांधते, पिशवीवर दाब येत नाही. तुमच्याकडे कोणी खूण करत नसेल तर आपणहून मागा.

उणिवाही आहेत. कराडच्या मे महिन्यात घामानं प्लेटच्या कडा सुटतात, हिवाळ्यात टिकते तितकी टिकत नाही. एका दुकानदारानं 50 मापाच्या कड्याच्या प्लेटवर 60 मापाची पिशवी दिली, ती कड्यात बसेचना. दोन्ही डब्यांवरचा आकडा आपणच जुळवून घ्यायचा. खर्चही सतत चालू राहतो, एका जोडीला काही शे रुपये जातात.

एक तृतीयांश भरली की रिकामी करते, नाहीतर वजनानं प्लेट ओढली जाते. इलिओस्टॉमीतून पाणी आणि मीठ दोन्ही जातं, म्हणून पिशवी नेहमीपेक्षा जास्त वेळा भरू लागली की ओआरएस घेते आणि डॉक्टरांना फोन करते. मक्याचं कणीस आणि ओलं खोबरं बंद केलंय, ते स्टोमात अडकू शकतं.

ही चिकटणारी पिशवी 1954 मध्ये एलिझे सोरेन्सन या डॅनिश नर्सला सुचली, आपल्या बहिणीसाठी. बहिणीला स्टोमा होता आणि गळतीच्या भीतीनं ती घराबाहेर पडत नसे. मला ते वाचून फार जवळचं वाटलं.

नव्यानं घेणाऱ्यांनी सुरुवातीला पारदर्शक पिशवी घ्यावी. स्टोमा लालसर आणि ओला आहे ना, ते न काढता दिसतं. काळसर वाटला तर लगेच दवाखाना. जखम भरली की बदामी रंगाची घ्या, पातळ साडीतून दिसत नाही.