क्रायटेरियनची नळी, सहाशे बारांनंतर

आमचे आण्णा कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर उभे राहिले. गेल्या उन्हाळ्यात ते इकडे मिलवॉकीला आले होते, तेव्हा कुरिअरवाला दारात पुठ्ठ्याचं एक लांबलचक नळकांडं ठेवून गेला. आत रायफलची नळी. आण्णा हबकलेच. "आरं, लायसन नाही, पोलीस नाही, आन् ह्यो दारात टाकून जातोय?" त्यांच्या डोळ्यांसमोर निवडणूक आली की ठाण्यात जमा होणाऱ्या बंदुका. इथल्या केंद्रीय कायद्यात नंबर ठोकलेला रिसीव्हर (नळी ज्यात बसते तो सांगाडा) म्हणजे शस्त्र. नळी नुसता सुटा भाग. (एच-वन-बी व्हिसावर असाल तर मात्र आधी राज्याचा शिकार परवाना काढा, नाहीतर बंदूक जवळ ठेवणंच अंगाशी येईल.)

माझी रायफल सॅव्हेज ११०, ६.५ क्रीडमूर काडतुसाची, सेकंडहँड घेतलेली. मूळ नळीतून अडीच हजारांवर बार झालेले. शंभर यार्डांवर पाच गोळ्या इंचभर जागेत बसायच्या, त्या सव्वादोन इंचांपर्यंत फाकायला लागल्या. लगेच नळीवर खापर फोडलं नाही. मागे एकदा तसं करून तोंडघशी पडलो होतो, दोष निघाला स्कोपच्या (नेम धरायच्या दुर्बिणीच्या) बेसच्या एका ढिल्या स्क्रूचा. म्हणून या वेळी आधी सगळे स्क्रू आवळले, दोन वेगळी काडतुसं मारून पाहिली आणि मग मित्राचा बोअरस्कोप, म्हणजे नळीत घालायचा बारीक कॅमेरा, आत सोडला. चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढे, जिथे गोळी पहिल्यांदा तिला फिरवणाऱ्या पिळाच्या खाचांत शिरते, तिथलं पोलाद मे महिन्यातल्या तळ्याच्या तळासारखं भेगाळलं होतं. विषय संपला.

आता कोणती घ्यायची? विस्कॉन्सिनमध्ये राहून हा प्रश्न पडणं म्हणजे कोल्हापुरात चप्पल कुठली घेऊ म्हणून अडून बसण्यासारखं आहे. नळ्या बनवणारे क्रीगर आणि क्रायटेरियन दोन्ही रिचफिल्डचे, बार्टलाइनही याच भागातले, म्हणजे सगळे घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. क्रीगरवाले खाचा कापून काढतात. एकच टूल, दर फेरीला केसाहूनही बारीक धातू खरवडत शेकडो वेळा आत-बाहेर. क्रायटेरियनवाले कार्बाइडचं बटण नळीतून ओढून खाचा दाबून उठवतात आणि मग आतून हाताने लॅप करतात, म्हणजे घासून गुळगुळीत करतात. कापलेल्या खाचांचा दबदबा मोठा आहे, मलाही मोह झाला. पण कोरी नळी, त्यावर चेंबर कापायची गनस्मिथची मजुरी आणि त्याच्याकडची रांग हे सगळं धरलं की खर्च दुपटीच्या घरात जात होता. माझ्यासारख्या रविवारच्या नेमबाजाला तो फरक कागदावर दिसला नसता.

त्यापेक्षा पीळ नीट बघा. माझ्या १४० ग्रेन वजनाच्या लांबुळक्या गोळ्यांना आठ इंचांत एक फेरा लागतो, बारा इंचांत एक देऊन चालत नाही, गोळी डळमळते. आण्णांनी हिशोब विचारला तेव्हा कागदावर करून दाखवला. सेकंदाला २,७०० फूट वेग, आठ इंचांना एक फेरा, म्हणजे मिनिटाला २,४३,००० फेरे. आण्णा गप्प. मग म्हणाले, "आपली लेथ बाराशेला थरथरायची."

मी घेतली ती क्रायटेरियनची, २४ इंची, स्टेनलेस, जाड घडणीची, चेंबर आधीच कापलेली. कर आणि पोस्टेज धरून साडेचारशे डॉलरच्या आसपास पडली. पहिल्यांदा एका ऑनलाइन दुकानाने चुकीच्या शँकची (रिसीव्हरमध्ये आट्यांनी बसणाऱ्या मागच्या टोकाची) पाठवली होती. सॅव्हेजमध्ये बारीक आणि जाड असे दोन शँक येतात. मी ऑर्डरमध्ये नीट लिहिलं होतं, तरी बदलून मिळायला तीन आठवडे आणि पाच फोन. तुमच्या रायफलचा शँक स्वतः कॅलिपरने मोजा, मॉडेलच्या नावावर विसंबू नका.

बसवायचं काम आम्ही दोघांनी गॅरेजमध्ये केलं. सॅव्हेजची नळी चेकनटाने धरलेली असते, त्यामुळे घरी जमतं. जुना नट मात्र हटेना. दोन दिवस तेल सोडून ठेवलं, तेव्हा कुठे कर्रर्र करून सुटला. मी चेंबरचं माप तपासायच्या गेजची डबी उघडली तसे आण्णा खुलले. "ह्ये तर आपलं गो-नोगो!" गो गेज चेंबरमध्ये, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) बंद, नळी अंगाला लागेपर्यंत फिरवायची, मग नट आवळायचा. आवळताना नळी किंचित फिरते, तिथेच सगळे फसतात. आम्हीही फसलो, दोनदा सोडून पुन्हा केलं. शेवटी गो गेजवर बोल्ट अलगद बसला आणि नो-गो गेजवर अडला. त्याआधी आण्णांनी नळी उजेडाकडे धरून आत बघितलं होतं. बराच वेळ. "हातानं लॅप केलंय खरं. टूलची एक रेघ न्हाई," एवढंच बोलले.

रेंजवरचा हिशोब असा. पहिल्या शंभर-दीडशे बारांत वेग चाळीसेक फुटांनी चढला, नव्या नळीचं असं होतंच, तोवर स्कोपचे आकडे पक्के करू नका. त्यानंतर पाच गोळ्या सरासरी ०.६ इंचात बसतात, आणि सहाव्या-सातव्या गटालाही नळी तापून घसरत नाही. साफ करायला आधी पाऊण तास जायचा, आता चार फडकी पुरतात.

तक्रार वजनाची. स्कोपसकट साडेअकरा पौंड. नोव्हेंबरच्या नऊ दिवसांच्या हरणाच्या सीझनला ही घेऊन बर्फातून मैलभर चालत गेलो आणि दुसऱ्या दिवशी मित्राची हलकी रायफल मागून घेतली. नुसत्या शिकारीसाठी विचाराल तर नळी बदलूच नका. हरणाचा मर्माचा भाग आठ इंचांचा, कारखान्याची नळी त्याला रगड पुरते. कागदावर भोकं पाडायची हौस असेल तर मात्र क्रायटेरियन घ्या, मी पुन्हा हीच घेईन.

जुन्या नळीतला वीतभर तुकडा आण्णांना मँड्रेलसाठी (लेथवर काम धरायच्या दांड्यासाठी) हवा होता. मुंबईच्या कस्टम्समध्ये हे काय म्हणून सांगणार, असं विचारल्यावर नाद सोडला. जुनी नळी आता परसात टोमॅटोच्या रोपाला टेकू म्हणून उभी आहे.