सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर: आठ महिने, एक उन्हाळा आणि पोटॅशचं पोतं

जानेवारीत आमच्या कॉलेजात गॅमा किरणांची ऊर्जा मोजणारा, दोन इंची सोडियम आयोडाइड स्फटिकाचा डिटेक्टर आला. गॅमा पडला की स्फटिक चमकतो, त्या प्रकाशावरून ऊर्जा कळते. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, लॅबवर टिनाचं छत. सोबतच्या कागदावर 'कॅलिब्रेशन करून दिले आहे' असं लिहिलं होतं, म्हणजे ऊर्जेची पट्टी लावून दिलेली. जानेवारीपुरतं ते खरं निघालं.

एप्रिलात सीझियम-१३७ या किरणोत्सारी स्रोताचं ६६२ केईव्हीचं (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) पीक, म्हणजे आलेखावरचं शिखर, सकाळी एका जागी, तर दुपारी तीनला बरंच खाली. खोली ४२ अंशांवर. या स्फटिकाचा प्रकाश अंशामागे साधारण ०.३ टक्क्याने घटतो, त्यात तो प्रकाश विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा फोटोमल्टिप्लायरही तापतो. विक्रेता म्हणाला, एसी लावा. टिनाखाली एसी, आणि दुपारी लाइन असते कुठं?

म्हणून आता दिवसातून दोनदा कॅलिब्रेशन. पोटॅशियममध्ये निसर्गतःच असलेल्या किरणोत्सारी पोटॅशियम-४० चा १४६० केईव्हीचा बिंदू लाल पोटॅश खताच्या पोत्यातून फुकट मिळतो. ५० किलोत जवळपास २५ किलो पोटॅशियम असतं. पोतं ज्यांचं, त्या काकांना सांगितलं की दहा मिनिटांत पीक दिसतं. ते म्हणाले, "दहा मिनिटात पीक? आमाले चार महिने लागतात, सर!"

खरी कटकट पट्टीच्या खालच्या, कमी ऊर्जेच्या टोकाला. कूलर सुरू झाला की २० केईव्हीखाली नुसता कचरा, म्हणजे खोटे सिग्नल. आठवडाभर स्फटिकालाच शिव्या दिल्या. डिटेक्टर बॅटरीवर घेतला तेव्हा कळलं, दोष मोटरचा. शिवाय ६६२ आणि १४६० मधून ओढलेली सरळ रेषा खाली चालत नाही. सीझियमच्याच स्रोतातून येणारी ३२ केईव्हीची क्ष-किरण रेषा तिच्यावर ३६ च्या आसपास दिसते, कारण कमी ऊर्जेला हा स्फटिक केईव्हीमागे जास्त प्रकाश देतो.

डार्क मॅटरचं, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या पदार्थाचं, वेड असलेल्या एका पोराने विचारलं, यात १० केईव्हीचा न्यूक्लिअर रिकॉइल, म्हणजे धक्का बसून उसळलेलं केंद्रक, दिसेल का? नाही. गॅमा इलेक्ट्रॉनला ढकलतो, न्यूट्रॉन अख्ख्या केंद्रकाला, आणि डार्क मॅटरचा कणही तसाच ढकलेल असं मानतात. उसळलेल्या केंद्रकाची बहुतेक ऊर्जा प्रकाशात येतच नाही, त्यामुळे सोडियमचा १० केईव्हीचा रिकॉइल आमच्या गॅमाच्या पट्टीवर जेमतेम १-२ केईव्हीला पडतो, आयोडीनचा त्याहूनही खाली. म्हणजे पुरता कचऱ्यात. ते मोजायचं तर ठरावीक ऊर्जेचे न्यूट्रॉन हवेत आणि ते कोणत्या कोनात विखुरले हे टिपणारा दुसरा डिटेक्टर हवा. पोटॅशच्या पोत्याचं ते काम नाही.

जूनच्या पहिल्या सरीत ६०९ केईव्हीचं पीक अचानक वाढलं. पोरं घाबरली, मशीन गेली म्हणून. हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूपासून बनलेलं बिस्मथ-२१४ पावसाबरोबर खाली आलेलं. तीनेक तासांत उतरलं.

घेणार असाल तर आत तापमानाचा सेन्सर असलेलं मॉडेल मागा. आमच्यात नाही, डब्याला चिकटपट्टीने थर्मामीटर लावलाय.