बस्ता बांधला तिथंच आता लॉकर, साडेतीन स्टार

सांगलीत माझ्या लग्नाचा बस्ता ज्या दुकानात बांधला ते दुकान बंद झालं आणि त्याच बिल्डिंगमध्ये आता आमच्या बँकेची ब्रँच आलीय. नाव लिहीत नाही, खातं अजून तिथंच आहे बाबा. जिथं पांढऱ्या गाद्यांवर साड्या उलगडायचे तिथं कॅश काउंटर झालाय, एसी गारेगार, पासबुकचं मशीन चक्क चालतंय.

पण खरं काम केलंय ते लॉकरचं. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं, धोक्याची पातळी ४५, तेव्हा या दुकानाचं तळघर पार छतापर्यंत भरलेलं आणि नंतर रस्त्यावर ओल्या साड्यांचे ढीग, २०२१ ला परत तेच. आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमात आग, चोरी झाली, बिल्डिंग पडली तर लॉकरच्या वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंत भरपाई आहे, पुराला बँक जबाबदार नाही, म्हणजे पाणी आलं की आपलं आपण बघायचं. म्हणून स्ट्राँगरूम पहिल्या मजल्यावर घेतली हे मला फार पटलं. आता साड्यांसाठी टाकलेल्या स्लॅबवर काँक्रीटच्या भिंती, ते अवजड दार आणि लॉकरची कपाटं बसवायची म्हणजे खेळ नाही, आमचे हे बांधकामातलेच त्यामुळं येताजाता बघायचे, आधी टेकू लावले, मग खालचे कॉलम फोडून नव्या सळया बांधून जाड केले, जॅकेटिंग म्हणतात, वर स्लॅबखाली लोखंडी गर्डर. त्यातला एक कॉलम आता बरोबर बोर्डच्या आड येतो, मागं बसलं की टोकन नंबर दिसत नाही, माझा दोनदा गेला. चालतंय.

चालत नाही ते लिफ्टचं. लिफ्टच नाही! २२ पायऱ्या, आई ७४ वर्षांची, गुडघे गेलेले आणि लॉकर तिच्या नावावर. मॅनेजर म्हणतात पुढच्या टप्प्यात करू, कधी ते विचारलं तर हसले. सिक्युरिटीचे मामा बिचारे स्वतःची खुर्ची उचलून जिन्याच्या वळणावर ठेवतात, तिथं बसून दम खात आई दरवेळी सांगते, इथंच तुझा शालू काढला होता जांभळा. हिरवा होता.

बाहेरचा रॅम्प तर नुसता दाखवायला. १ ला १२ उतार हवा, प्लिंथ म्हणजे बिल्डिंगचं जोतं दोन फूट उचललंय म्हणजे २४ फूट लांबी झाली, इथं आठ फुटांत उरकलंय आणि खाली उतरलं की डायरेक्ट गटाराची जाळी, व्हीलचेअर राहूद्या दुधाची किटली घेऊन पण कोण चढणार नाही.

दीड स्टार लिफ्टपायी कापलाय, बसली की परत देते. जाणार असाल तर कॉलमच्या डावीकडं बसा, आणि लॉकरला सकाळी लवकर जा, नंतर मामा जेवायला जातात आणि खुर्ची पण.