विशेष शाळेतला सीसीटीव्ही: आधी हार्ड डिस्क किती टीबीची ते विचारा

प्रवेशाच्या वेळी ‘आमच्याकडे सगळीकडे कॅमेरे आहेत’ हे हमखास सांगितलं जातं आणि न बोलणाऱ्या मुलाच्या पालकांना त्याने हायसं वाटतं. विशेष शाळा आणि थेरपी सेंटरमध्ये बहुतेक वेळा दिसणारा संच असा: चार दोन-मेगापिक्सेल डोम कॅमेरे, एक एनव्हीआर (चित्रण साठवणारी पेटी), एक टीबीची म्हणजे सुमारे हजार जीबीची हार्ड डिस्क आणि मोबाइलवरचं अ‍ॅप. चोर पकडायला हा संच ठीक. मुलाला चिमटा काढला, खुर्चीला बांधून ठेवलं, डबाच दिला नाही, हे पकडायला तो आहे तसा कुचकामी. थोड्या खर्चात मात्र तो कामाचा होतो.

खरी खोट डिस्कमध्ये आहे. एच.२६५ या व्हिडिओ लहान करण्याच्या पद्धतीवर दोन एमबीपीएसने (सेकंदाला दोन मेगाबिट) चालणारा एक कॅमेरा दिवसाला साधारण २१-२२ जीबी खातो. चार कॅमेऱ्यांचे झाले ८६. म्हणजे एक टीबीत जेमतेम अकरा-बारा दिवसांचं चित्रण राहतं, मग जुन्यावर नवं चढतं. आणि तक्रार कळते कशी? दंडावरचा वळ, गणवेश दिसताच रडणं, झोपेत दचकणं. पडला असेल, औषध बदललं म्हणून असेल, असा अंदाज बांधण्यात दोन आठवडे निघून जातात. पालक फुटेज मागायला जातात तेव्हा शाळा खोटं न बोलताही ‘ते आता नाही’ म्हणू शकते. चार टीबीची डिस्क घालून शाळेचे आठ तासच सलग रेकॉर्ड केले, तर याच कॅमेऱ्यांत चार महिन्यांहून अधिक चित्रण टिकतं. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने २०१५ मध्ये विशेष शिक्षणाच्या स्वतंत्र वर्गांसाठी कॅमेऱ्यांचा कायदा केला. तिथे पालकाने लेखी मागितलं की कॅमेरा बसवावा लागतो, आवाजासकट, आणि चित्रण किमान तीन महिने ठेवावं लागतं. आपल्याकडेही मागणी तीन महिन्यांचीच करावी.

जागा वाचवायला इन्स्टॉलर ‘मोशन’ मोड लावून देतात. विशेष वर्गात तो घातक आहे. हालचाल थांबली की रेकॉर्डिंग थांबतं, आणि बांधून ठेवलेलं मूल हलत नाही! सेटिंगमध्ये शाळेच्या वेळेसाठी ‘कंटिन्युअस’ आहे ना, हे स्क्रीनवर दाखवायला सांगा. त्याच वेळी घड्याळही पाहून घ्या. वीज जाऊन आल्यावर कित्येक एनव्हीआरची तारीख भलतीकडे जाते आणि मग कुठलंच चित्रण कुठल्याच तक्रारीशी जुळत नाही. यूपीएसवर एनव्हीआरबरोबर कॅमेऱ्यांना नेटवर्कच्या तारेतूनच वीज देणारा पीओई स्विचही हवा. तो विसरला की पेटी चालू राहते आणि कॅमेरे बंद.

आता जागा. २.८ मिमी लेन्स अख्खा वर्ग दाखवते, पण सहा मीटरवर एका मीटरला सुमारे १३० पिक्सेलच मिळतात. कोण आहे ते कळतं, बोटांनी काय केलं ते नाही. त्यातून शिक्षक मुलावर वाकले की कॅमेऱ्याला फक्त त्यांची पाठ दिसते. म्हणून एका वर्गात समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन कॅमेरे, आणि एकास एक थेरपीच्या खोलीत चार मिमी लेन्सचा (कमी जागा, पण मोठी दाखवणारा) कॅमेरा टेबलाच्या बाजूने. माइक चालू हवा. धमकी, शिवी, ‘पुन्हा केलंस तर कोंडीन’ यातलं काही मूक चित्रणात येत नाही. ‘टाइम-आउट’ची, म्हणजे मुलाला एकटं बसवण्याची अंधारी खोली बहुतेक वेळा कॅमेऱ्याबाहेरच असते, ती कुठे आहे, हे स्वतः फिरून पाहा.

स्वच्छतागृहात कॅमेरा नको, हे उघड आहे. पण २०२४ मधलं बदलापूरचं लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण शाळेच्या स्वच्छतागृहातच घडलं होतं. तेव्हा कॉरिडॉरमधला कॅमेरा त्या दाराकडे हवा आणि मुलाला कोण, किती वाजता घेऊन गेलं, याची वही. व्हॅनचंही तसंच: चालकाशिवाय दुसरी मोठी व्यक्ती नसेल, तर कॅमेऱ्यावर भागणार नाही.

चित्रण वाचायलाही यावं लागतं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाच्या खुर्चीचा पट्टा हा बसण्याचा आधार असू शकतो. त्याच पट्ट्याने चालू शकणाऱ्या मुलाला दोन तास जखडणं ही शिक्षा आहे. फरक फिजिओथेरपिस्टच्या लेखी सूचनेत असतो, म्हणून पट्टा कधी आणि किती वेळ हे वैयक्तिक शिक्षण आराखड्यात लिहून घ्या. हात धरून लिहायला शिकवणं आणि हात पिरगळणं हेही अ‍ॅपच्या छोट्या चौकटीत सारखंच दिसतं. त्यामुळे विक्रेते ज्याची सगळ्यात जास्त जाहिरात करतात, त्या लाइव्ह अ‍ॅपला आमच्या लेखी शून्य गुण. इतरांची मुलं दिवसभर अनोळखी मोबाइलवर दिसतात, पालक कामधंदा सोडून स्क्रीनला चिकटतात, आणि मागचं चित्रण बहुधा मिळत नाहीच. टेक्सासचा कायदाही असं सततचं पाहणं चालू देत नाही.

संशय आला तर आधी बोलून पाहू, असं करू नका. त्याच दिवशी तारीख, वेळ, खोली लिहून ‘हे चित्रण जपून ठेवावे’ असा अर्ज द्या आणि पोच घ्या. मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग केलेलं असेल तर ते तपासाला दिशा देतं, पण कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून एनव्हीआर पोलिसांनीच ताब्यात घेतलेला बरा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९२ मध्ये ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी न देणं आणि तिच्या सहायक साधनात ढवळाढवळ करणं हेही गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. श्रवणयंत्र काढून ठेवणं ‘शिस्त’ म्हणून खपवलं जातं, तिथे हे कलम दाखवा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सोनुसार (बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार) पोलिसांना कळवणं शाळेवरही बंधनकारक आहे, आणि जबाब नोंदवताना विशेष शिक्षकाची मदत घेता येते. तो शिक्षक त्याच शाळेतला नको. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो. शाळेच्या मान्यतेबद्दलची तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे, आणि विशेष शिक्षकाचा सीआरआर (नोंदणी) क्रमांक भारतीय पुनर्वास परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

बाजारातला संच आहे तसा: पाचपैकी दीड. चार टीबी, माइक, सलग रेकॉर्डिंग आणि समोरासमोरचे कॅमेरे असतील तर साडेतीन. उरलेला दीड गुण स्वच्छतागृह आणि व्हॅनचा, तो कुठलाच विक्रेता देऊ शकत नाही.