मला ऐकू न येणारी शिट्टी आणि तपकीर गल्लीतली दुरुस्ती

"सर, धडा छान झालाय, पण मागे बारीक शिट्टी वाजते." दृष्टिहीन मुलांसाठी मी पाठ्यपुस्तकातले धडे वाचून रेकॉर्ड करतो; त्यांच्यातल्या अकरावीच्या एका विद्यार्थ्याने फोनवर हे सांगितलं. मी हेडफोन लावून तोच धडा तीनदा ऐकला. काहीच ऐकू आलं नाही. वय ६६. या वयात सगळ्यात आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. नातीने मोबाईलवर स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप उघडलं आणि ९ किलोहर्ट्झच्या जवळ एक बारीक रेघ उभी दिसली. ही मुलं तासन् तास हेडफोन लावून अभ्यास करतात. त्यांच्या कानात मी अकरा धडेभर शिट्टी घातली होती, याचं फार वाईट वाटलं.

मोबाईल फिरवत फिरवत उगम सापडला: १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचा १२ व्होल्ट डीसी करून देणारा सप्लायचा खोका. त्यावर माझा रेकॉर्डिंगचा छोटा ऑडिओ मिक्सर आणि टेबलावरची एलईडी पट्टी चालते. एका दुकानात म्हणाले, एसएमपीएस म्हटलं की आवाज आलाच. दुसऱ्याने नवा विकला. घरी आणून लावला, तोही तसाच वाजला.

मग एका जुन्या विद्यार्थ्याने पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीतल्या एका दुकानात पाठवलं. दुकान कसलं, अरुंद जिन्याने वर गेल्यावर एक खोली आणि एक टेबल. दुरुस्ती करणाऱ्या ताई एकट्याच काम करतात. आधी याच टेबलावर त्यांचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. एकटीला गर्दी झेपत नाही, म्हणून नाव लिहू नका म्हणाल्या, तेव्हा लिहीत नाही.

त्यांनी खोका उघडायच्या आधी प्रश्न विचारले, आणि हे परीक्षण लिहायला बसलो ते त्या प्रश्नांमुळेच. "काका, शिट्टी नेहमी येते की कधीकधी? तेव्हा सप्लायवर काय काय चालू असतं?" मी म्हटलं, पहिले ३ धडे स्वच्छ आहेत, पुढचे ११ खराब. बोलता बोलता मलाच आठवलं: पहिले तीन रात्री वाचले होते, पट्टी लावून. नंतर मी सकाळी खिडकीच्या उजेडात बसायला लागलो आणि पट्टी बंद ठेवली.

ताईंनी सप्लाय सिरीज बोर्डवर (बिघाड असला तर करंट आवरणारा, मध्ये बल्ब असलेला बोर्ड) लावला, मिक्सर जोडला आणि फोनवर रेघ दाखवली. मग गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आउटपुटला जोडला. रेघ गायब. बल्ब काढला, रेघ परत.

आतला स्विच सेकंदाला साधारण ६५ हजार वेळा चालू-बंद होतो. माणसाला २० हजारांच्या वरचं ऐकू येत नाही, म्हणजे हा आवाज कानावर पडायलाच नको. पण लोड, म्हणजे जोडलेल्या वस्तूंनी घेतलेली वीज, अगदी कमी असला की स्विच चालवणारी चिप (आयसी) वीज वाचवायला सलग चालत नाही; थोडे पल्स देते, थांबते, पुन्हा देते. या थांबण्या-सुरू होण्याची गती मात्र नेमकी कानाच्या टप्प्यात येते. त्या तालावर ट्रान्सफॉर्मरचा फेराइट गाभा किंचित ताणतो-आवळतो, सिरॅमिक कपॅसिटरही (कपॅसिटर म्हणजे विजेचा भार साठवणारा पार्ट) व्होल्टेजबरोबर आकार बदलतो, आणि सर्किटचा बोर्ड सतारीच्या तबलीसारखा ते मोठं करतो. माझा मिक्सर जेमतेम ०.३ अँपिअर घेतो. पाच अँपिअरच्या सप्लायला ते काहीच नाही.

फुगलेले कपॅसिटर आहेत का ते त्यांनी आधीच बघितलं होतं, त्यांचा ईएसआर (आतला रोध, जो कपॅसिटर खराब झाला की वाढतो) तोही मोजला, सगळे ठीक. मग माशांच्या टाकीला लावतात तसली प्लॅस्टिकची नळी घेतली, एक टोक कानाला, दुसरं एकेका पार्टजवळ. निळ्या सिरॅमिक डिस्कपाशी, म्हणजे चकतीसारख्या कपॅसिटरपाशी, आवाज सगळ्यात मोठा, त्याखालोखाल ट्रान्सफॉर्मरपाशी. बांबूच्या काडीने डिस्क दाबली तर आवाज बदलला. मी पुढे वाकलो तेव्हा मला हाताने मागे सारलं: मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ राहतो. घरी हे कुणी करू नये, हे मीही आवर्जून सांगतो.

ती डिस्क स्नबरमधली, म्हणजे स्विच बंद होताना उसळणारं व्होल्टेज आवरणाऱ्या भागातली, होती. तिच्या जागी तेवढ्याच कपॅसिटन्सचा आणि तेवढंच व्होल्टेज सोसणारा फिल्म कपॅसिटर बसवला. ट्रान्सफॉर्मरला वॉर्निश पाजून वाळवलं. एवढ्याने रेघ बरीच खाली आली, पूर्ण गेली नाही. मग ताई म्हणाल्या, आउटपुटला ४७ ओहमचा रेझिस्टर कायमचा लावला तर लोड वाढेल आणि शिट्टी थांबेल, पण चालू असेपर्यंत ३ वॅट नुसते उष्णतेत जातील, तुम्ही ठरवा. मी दिवसाला दोन तास वाचतो. म्हटलं, लावा. १० वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर बसला, खोक्याच्या भोकांजवळ, वायरींपासून लांब.

सगळे मिळून ४५० रुपये झाले. नव्या सप्लायला याहून जास्त गेले होते आणि तो कपाटात पडून आहे.

तक्रारी आहेत. कामाला ९ दिवस लागले, तेवढे दिवस वाचन बंद. जिना चढायला कठीण आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी सोबत कुणाला तरी न्यावं. दुपारी दीड ते चार बंद असतं. पावती मागितल्यावर मिळाली, पण तिच्यावर कोणता पार्ट बदलला ते नीट लिहून दिलं. वॉर्निशचा वास दोन दिवस खोलीत होता. गल्लीत गाडी नेऊ नका, मंडईच्या पार्किंगला लावून चालत जा.

आता फक्त मिक्सर चालू असताना अ‍ॅपमध्ये त्या जागी काही दिसत नाही. मला तर आधीही ऐकू येत नव्हतं, म्हणून नवा धडा त्याच मुलाला पाठवला. त्याने दोनदा ऐकून "नाही सर, गेली" असं कळवलं. ते ११ धडे आता पुन्हा वाचतोय. आज सकाळी तिसरा झाला.