घड्याळ २८ वर्षं मागे: जुन्या ४८६ संगणकाच्या बोर्डावर काही महिने वापरून

ॲवॉर्ड बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅमची) नोव्हेंबर १९९५ पूर्वीची ४.५०जी आवृत्ती १९९४ ते १९९९ एवढीच वर्षं मानते. घड्याळाच्या चिपमध्ये २६ साल दिसलं की सुरू होताना ते ९४ करून टाकते आणि डॉस (जुनी ऑपरेटिंग सिस्टीम) २०९४ दाखवतं. शतक स्वतः सांभाळणारी डल्लास १२सी८८७ ही घड्याळाची चिप बसवूनही फरक पडत नाही, कारण अडवणारं बायोस आहे.

चिपमध्ये १९९८ ठेवणं हा उपाय टिकला. २८ वर्षांनी वार आणि लीप वर्ष दोन्ही जुळतात. पण तेवढ्यावर थांबलं तर नव्या मशीनवरून आणलेल्या फाइलींची तारीख पुढची ठरते आणि टर्बो सीचं मेक (फक्त बदललेल्या फाइली पुन्हा कंपाइल करणारं साधन) दर वेळी सगळं पुन्हा कंपाइल करत बसतं. म्हणून चिपला जुनी आणि डॉसला खरी तारीख द्यायची. ऑटोएक्झेकच्या (डॉस सुरू होताना आपोआप चालणाऱ्या फाइलीच्या) पहिल्या ओळीतला छोटा सी प्रोग्रॅम हे करतो: वर्ष २०००च्या आतलं असेल तर २८ मिळवून डॉसची तारीख बदलायची.

खरी मेख पुढे आहे. डॉस ३.३पासून तारीख बदलली की ती चिपमध्येही लिहिली जाते, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा २०९४. म्हणून लगेच डॉसच्या वर्षातून २८ वजा करून चिपमध्ये परत लिहायचं. इंटरप्ट बंद करा, चिपच्या रजिस्टर बीचा बिट ७ (लिहिताना घड्याळ थांबवून ठेवणारा) चढवा म्हणजे १ करा, पोर्ट ७० हेक्सवर (हेक्स म्हणजे सोळाच्या पायावरची संख्या) ९ म्हणजे वर्षाच्या खान्याचा नंबर आणि ७१ हेक्सवर ९८ हेक्स पाठवा (चिप बीसीडीत मोजते, म्हणजे दशमान अंक एकेक करून ठेवते), ३२ हेक्समध्ये शतक १९ ठेवा, बिट उतरवा. तारीख हाताने बदलली तर प्रोग्रॅम पुन्हा चालवायलाच हवा.

हे सगळं करण्याआधी सेल तपासा. बंद ठेवल्यावर वेळही हरवत असेल तर दोष सेलचा; वेळ बरोबर आणि सालच चुकत असेल तर बायोसचा. डल्लास १२८८७ या घड्याळाच्या चिपमध्ये सेल आतच असतो. बाजूचं प्लास्टिक कोरून १६ आणि २० नंबरच्या पिनांपासून तो तोडायचा, मग सीआर२०३२च्या होल्डरचा धन २०ला आणि ऋण १६ला सोल्डर करायचा. न तोडता जोडलात तर मेलेला सेल नव्याला पिऊन टाकतो.

२८चा हिशेब ३१ डिसेंबर २०२७पर्यंतच पुरेल. त्यानंतर चिपमध्ये एकदा हाताने १९९६ टाकून प्रोग्रॅममध्ये २८च्या जागी ३२ करायचे. लीप वर्ष तेव्हाही जुळेल, आणि वार डॉस स्वतः काढतं, त्यामुळे २०३१ संपेपर्यंत काळजी नाही.